रंकाळा प्यायला निघालेली म्हैस

पॅटर्नमामांना म्हैस काढता येत नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण ते गेल्यापासून त्यांच्या चित्रांचं कौतुक करणारे बरेच निघालेत आणि त्यांतल्या एकालाही चित्रातलं ओ की ठो कळत नाही. मी चौतीस वर्षं कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवली. पोरांच्या वह्यांवर लाल पेनाने 'प्रमाण बघ' एवढे दोनच शब्द लिहून लिहून माझी बोटं झिजली. त्यामुळे हे अधिकाराने सांगतो. मामांच्या म्हशीचे पुढचे पाय मागच्या पायांपेक्षा लांब असायचे. शिंगं कानांतून उगवायची. डोळे माणसाचे असायचे, आणि तेही आपल्याला चांगलं ओळखणाऱ्या माणसाचे. अशी म्हैस माझ्या वर्गात कुणी काढली असती तर मी त्याला तासभर बाकावर उभं केलं असतं.

चित्रं केवढी, तर पत्त्याच्या पानाएवढी. चित्रासाठी कागद विकत आणायचा नाही असा मामांचा नियम होता. इंजेक्शनची रिकामी खोकी उकलायची, आतली पांढरी बाजू कात्रीने कापून घ्यायची आणि तिच्यावर शाळकरी पोरांच्या बारा वड्यांच्या रंगपेटीतून काय ती करामत करायची. मागच्या बाजूला औषधाचं नाव आणि 'थंड जागी ठेवा' ही सूचना तशीच राहायची. माझ्या मते त्या पुठ्ठ्यावर वाचण्यासारखी तेवढीच एक गोष्ट असे.

आमची गाठ पडली ती डायलिसिसच्या खोलीत. मूत्रपिंडं संपावर गेलेल्या लोकांचं रक्त तिथे मशिनीतून धुऊन परत अंगात सोडतात. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सात ते अकरा. ज्यांना या भानगडीची माहिती नाही त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की चार तास एक हात सुयांना बांधलेला असतो, आणि घरी गेल्यावर दिवसभरात सगळं मिळून लिटरभरच पाणी प्यायचं असतं, चहा-आमटीसकट. बाकी सगळं सहन होतं. तहान होत नाही. तीन नंबरच्या पलंगावर मी, चारवर मामा आणि पाचवर जयसिंगपूरच्या आक्का. आक्कांचं तिकडे कापडाचं दुकान. ते सुनेवर सोपवून त्या इथे राजारामपुरीत लेकीकडे राहायला आल्या होत्या. जैन घरातल्या, जन्मभर उपास-नेमात वाढलेल्या, त्यामुळे पथ्य त्या आमच्यापेक्षा सहज पाळायच्या. बाकी बोलायला मात्र त्यांना कसलंच पथ्य नव्हतं.

माझ्या डाव्या हाताला फिस्टुला, म्हणजे सुया टोचण्यासाठी फुगवलेली शीर, मानवला नाही. मग डॉक्टरांनी तो उजव्या हातात केला. चित्रकाराचा उजवा हात. तेव्हापासून मी ब्रश धरला नव्हता. डॉक्टर म्हणायचे, मशिनीवर नसाल तेव्हा खुशाल चित्रं काढा, हाताला काही होत नाही. मी त्यांचं ऐकून घेत असे. खरं सांगायचं तर निवृत्तीनंतर दोन्ही हात धड होते तेव्हाही मी काही काढलं नव्हतं. आता निदान कारण तरी मिळालं होतं.

पहिल्याच दिवशी मामांनी पलंगावरून हात लांब करून एक पुठ्ठा माझ्या छातीवर ठेवला. एक म्हैस पलंगावर उताणी पडलेली, पुढच्या पायाला नळ्या, आणि नाकावर चष्मा. चष्मा माझ्यासारखा होता.

"हे कोण?" मी विचारलं.

"तुम्ही, सर."

"मी म्हैस?"

"म्हशीत काय वाईट हाय? दूध देतीया, गप बसतीया. तुम्ही नुसतंच गप बसतासा."

पाच नंबरवरून आक्का खुदखुदल्या. मी तो पुठ्ठा उशीखाली सारला आणि घरी जाताना तिथेच विसरलो, म्हणजे विसरलो असं दाखवलं. गुरुवारी सुजाता सिस्टरने तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या मशिनीला चिकटपट्टीने लावून ठेवला होता. ही सिस्टर आमच्या शिफ्टची सर्वेसर्वा. तिने लावलेली गोष्ट काढायची हिंमत डॉक्टरांनाही नव्हती.

मामांचं गाव कोडोली. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत त्यांनी जन्म घालवला. लोखंड ओतण्याआधी वाळूत साचा उठवायला लाकडी नमुना लागतो, त्याला पॅटर्न म्हणतात, आणि तो घडवणारे म्हणून हे पॅटर्नमामा. ठेंगणे, टकले, रुंद पंजाचे, कायम पांढऱ्या पायजम्यात आणि सदऱ्याच्या खिशाला सुताराची जाड पेन्सिल. आवाज असा की त्यांचा रक्ताचा रिपोर्ट लिफ्टपाशी उभ्या असलेल्या माणसालाही कळावा. पहाटेच्या एसटीने यायचे आणि अकराला सुया निघाल्या की एसटीनेच परत. मशिनीवरून उतरल्यावर माणसाचे पाय लटपटतात. मी रिक्षाने दहा मिनिटांत घरी पोचायचो आणि दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचो. मामा स्टॅंडवर गाडीची वाट बघत उभे राहायचे आणि कंडक्टरला सुद्धा एखादा पुठ्ठा द्यायचे.

मला खरी चीड यायची ती त्यांच्या प्रमाणाची. एकदा त्यांनी आक्कांना त्यांच्या दुकानाचं चित्र दिलं. त्यात आक्का एवढ्या मोठ्या की दुकान त्यांच्या मांडीखाली पाटासारखं दबलेलं. मी न राहवून म्हटलं, "मामा, माणूस दुकानापेक्षा मोठा झालाय."

"व्हय की, मुद्दाम केलाय. ओतलेलं लोखंड गार झालं की आकसतंय, सर. म्हणून पॅटर्न जरा मोठा करायचा असतोय. आमची मापाची पट्टीच येगळी असतीया, तिच्यावरचा इंच इंचापेक्षा मोठा. आन् माणूस बी मशिनीवरनं उतरला की आकसतोय. वजनकाट्यावर बघतासाच की. आधीच जादा धरून काढलं तर घरी जाईस्तोवर बरोबर मापाला येतंय."

हा शास्त्रीय खुलासा ऐकून आक्का भारावून गेल्या. मी डोळे मिटून घेतले. आयुष्यभर पोरांना जे दिसतं तेवढंच काढा म्हणून बजावणाऱ्या माणसाला चार तास कुठे उठून जाताही येऊ नये, ही शिक्षा मला रक्त धुण्यापेक्षा मोठी वाटली.

त्यांचं एक चित्र मात्र कुणालाच मिळत नसे. सुया टोचायच्या आधी, काट्यावर उभं राहायच्याही आधी, ते पलंगाच्या कडेला बसून घाईघाईने एक पुठ्ठा रंगवायचे आणि ओलाच खिशात ठेवायचे. एके दिवशी मी तो बघायला मागितला. पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या, आणि त्यात गळ्यापर्यंत बुडून बसलेला एक टकला माणूस. चेहऱ्यावर राजेशाही समाधान.

"हे कशाला?" मी विचारलं.

"भ्या वाटतंय म्हणून."

"कशाचं?"

"सुईचं. दोन वर्सं झाली, अजून वाटतंय. आधी माझं भ्या घालवायचं, मग लोकांकडं बघायचं. माझ्याच पोटात गोळा असंल तर तुमाला काय देणार?"

एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाने एवढं बारीक होऊन बोलावं याची मला सवय नव्हती. मी तांब्याचा गोल चुकलाय एवढंच सांगितलं. ते म्हणाले, गोल चुकला तरी पाणी सांडलेलं न्हाई.

उमेदीचा धंदा करणाऱ्या लोकांचा मला तिटकारा आहे. माझा मेहुणा रोज सकाळी मोबाईलवर गुलाबाचं फूल पाठवतो आणि खाली लिहितो की आजचा दिवस तुमचा आहे. माझा दिवस मशिनीचा असतो हे त्याला ठाऊक आहे, तरी पाठवतो. आमच्या वॉर्डात एकदा कॉलरला माईक लावलेला एक वक्ता आला होता. आजार शरीराला होतो, मनाला नाही, असं तो सहा जणांचं रक्त बाहेर फिरत असताना तासभर सांगत होता. माझ्या उजव्या हातात सुया नसत्या तर मी काहीतरी फेकून मारलं असतं. मामा खाली मान घालून रंगवत होते. वक्ता गेल्यावर त्यांनी पुठ्ठा फिरवला. कॉलरला माईक लावलेला एक प्रेशर कुकर, शिट्टी वर उडालेली, आणि आतली डाळ कच्ची. त्या खोलीत मी पहिल्यांदा मोठ्याने हसलो ते तेव्हा. मशिनीचा अलार्म वाजला आणि सुजाता सिस्टर धावत आली.

"त्याचं एक चुकलं," मामा म्हणाले. "समद्यांना एकच पॅटर्न लावाय बघतोय. तसं कुठं कास्टिंग निघतंय व्हय?"

आता मुद्द्याचं सांगतो. मी डायलिसिस सोडायचं ठरवलं होतं. रडून-भेकून नाही, थंड डोक्याने. मे महिन्यात मुलगा-सून पुण्याहून सुट्टीला येणार होते. ते येऊन गेले की मशिनीला नमस्कार करायचा आणि घरी पडून राहायचं. मग आठ-दहा दिवस जे काय लागतील ते लागतील. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. सांगितलं ते मामांना, आणि तेही बोलण्याच्या ओघात, खेकसून. त्यांनी विचारलं होतं, "सर, जूनमध्ये पाऊस लागंल. तुमाला छत्रीतली म्हैस काढून देऊ काय?" मी म्हटलं, "जूनमध्ये मी नाही. बंद करणार आहे हे सगळं."

मामांनी रंगपेटी मिटून ठेवली. तो सबंध दिवस उघडली नाही. आक्कांनी दोनदा विचारलं, मामांना ताप आहे काय. सुया निघाल्यावर त्यांनी कचऱ्याच्या डब्यापाशी वाकून इंजेक्शनची सात-आठ खोकी उचलली आणि पिशवीत भरून गावी नेली.

पुढच्या मंगळवारी माझ्या मशिनीवर नवा पुठ्ठा होता. एक म्हैस कोडोलीच्या वेशीवर उभी, गळ्यात पाण्याची रिकामी बाटली. मामांनी सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "हिला लई तहान लागलीया. डॉक्टरनं लिटरभर सांगितलंय, तिला पटलेलं न्हाई. चालत कोल्हापूरला निघालीया. रंकाळा पिणार हाय."

"किती?" आक्कांनी विचारलं.

"समदा."

तहानलेल्या सहा माणसांच्या खोलीत अख्खा तलाव पिण्याचं हे बोलणं काय चीज होतं, ते लिटरभर पाण्यात दिवस न काढणाऱ्याला कळायचं नाही. गुरुवारी म्हैस पारगावला पोचली आणि चहाच्या टपरीवर तिने बादली मागितली. शनिवारी तिने वाठारला हायवे ओलांडला, दोन्ही बाजूंना बघून. सगळी खोली विचारू लागली, म्हैस कुठवर आली. मी काही दुधखुळा नव्हतो. मामांचा डाव मला पहिल्याच पुठ्ठ्याला कळला होता. एका निवृत्त मास्तरला गोष्टीच्या लालचीने अडकवून ठेवायचं, जसं लहान पोराला घास भरवतात. मला त्याचा राग आला, आणि मी मुद्दाम एक गुरुवार बुडवला.

शनिवारी गेलो तर माझ्याशी कुणी धड बोलेना. मशिनीवर नवा पुठ्ठा नव्हता.

"म्हैस कुठे आहे?" मी शेवटी विचारलं.

"टोपच्या स्टॉपवर बसलीया," मामा म्हणाले. "तुम्ही आला न्हाईसा, मग ती कुणाच्या भरवशावर पुढं जायची?"

"सर, तुमच्यामुळं ते जनावर दोन दिस उन्हात हाय," आक्का म्हणाल्या. त्या खरोखर रागावल्या होत्या. चार पुठ्ठ्यांवरच्या, कानांतून शिंगं आलेल्या म्हशीसाठी एक शहाणीसुरती व्यापारी बाई माझ्यावर रागावली होती. मुलगा-सून येऊन गेले, जून लागला, आणि मी येतच राहिलो. एवढ्या मूर्खांच्या तोंडी कोण लागणार, असं मी बायकोला सांगत असे.

एक गोष्ट मात्र मला सहन होईना. म्हैस प्रत्येक चित्रात मोठी होत होती. कोडोलीला निघाली तेव्हा पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात मावली होती, टोपला अर्धा पुठ्ठा तिने व्यापला. मी चूक दाखवली तर मामा म्हणाले, "चालून चालून आकसणार की ती. जादा धरून ठेवायला नको?" शिरोलीला आल्यावर तर ती फौंड्रीतच शिरली. तिला गेटपास मिळाला. गॉगल मिळाला. चारही पायांत सेफ्टी शूज आले. चार आठवडे झाले तरी ती तिथून हलेना. मी म्हटलं, "ही रंकाळ्याला निघाली होती की नोकरीला?"

तेव्हा मामांनी त्यांच्या चुकीची गोष्ट सांगितली. "मी नवीन लागलतो तवा एक पोलादाचं काम आलतं. मी सवयीनं लोखंडाची पट्टी घेतली. पोलाद लोखंडापेक्षा लई आकसतंय, ते ध्यानातच आलं न्हाई. आख्खा लॉट केसभर लहान आला. समदा भंगारात. मालक एका शब्दानं बोलले न्हाईत. त्यातला एक नग माझ्या हातात दिला, म्हणाले, घरी घेऊन जा. अजून हाय. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावतो." मग ते ब्रश धूत बसले. जरा वेळाने म्हणाले, "तवापास्नं आधी बघतो, समोरचं कशाचं हाय. तुम्ही पोलादाचं हाईसा, सर. दिसायला कडक, पण आकसायला लई. तुमाला समद्यांपेक्षा जादा धरायला लागतंय."

माझ्याबद्दल इतकं नेमकं याआधी फक्त बायको बोलली होती. मी त्यांना सांगितलं की चित्राचा आणि फौंड्रीचा काडीचा संबंध नसतो. ते म्हणाले, व्हय की, नसंल. आणि पुढच्या पुठ्ठ्यावर म्हैस फौंड्रीच्या गेटबाहेर पडली.

जुलै संपत आला तेव्हा ती शिरोलीच्या पुलावर होती. पुठ्ठाभर म्हैस, खाली पंचगंगा, आणि कठड्यावरून वाकून ती पाण्याकडे अशी बघत होती की माझीच जीभ कोरडी पडली. "ही नदी का पीत नाही?" मी विचारलं. "रंकाळा ठरलाय म्हटल्यावर रंकाळाच," मामा म्हणाले. "शनिवारी गावात घेऊया तिला." तो गुरुवार होता.

शुक्रवारी नदीने पात्र सोडलं. शनिवारी सकाळी शिरोलीपाशी हायवेवर पाणी आलं आणि रस्ता बंद झाला. इथल्या माणसाला यात नवीन काही नाही. पूर आला की टीव्हीवाले होडीत बसून ओरडतात, पुढारी गुडघाभर पाण्यात उभे राहून फोटो काढतात, आणि पाणी उतरलं की सगळे सगळं विसरतात. त्या दिवशी चार नंबरची मशीन रिकामी राहिली. आक्का चार तास तिच्याकडे बघत होत्या. मंगळवारीही रस्ता बंदच होता. मी उठलोच नाही. मामा नाहीत, म्हैस नाही, मग जायचं कशाला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी तोडायला निघालो होतो तो दोर आपोआप तुटला होता.

आठच्या सुमाराला फोन वाजला. मामा होते. आवाज त्यांचा वाटत नव्हता. दर दोन शब्दांनी ते दम घेत होते.

"सर, मशिनीवर हाईसा न्हवं?"

मी अंथरुणात होतो. अंगावर चादर होती. "हो," मी म्हटलं.

"माझ्या मशिनीवर कोण हाय?"

"कोणी नाही. रिकामी आहे."

"असू दे. आक्का बऱ्या हाईत?"

"बऱ्या आहेत."

"म्हशीला सांगा, पूल सोडू नको म्हणावं. पाणी उतरलं की मी येतोच. तवर तुम्ही जावा रोजच्यावानी. तुम्ही न्हाई गेलासा तर ती तिथंच बसंल, लई हट्टी हाय." मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. "भ्या वाटायलंय, सर. पुठ्ठा हाय, रंग तिकडं ऱ्हायलं."

फोन कटला. नदीपलीकडे अडकलेला एक माणूस मशिनीपर्यंत यायला तडफडत होता, आणि मशिनीपासून दहा मिनिटांवर राहणारा मी चादर पांघरून त्याला थापा मारत होतो. माझ्या उभ्या आयुष्यात मला स्वतःची इतकी किळस आली नव्हती. बायकोला म्हटलं, रिक्षा बघ. वॉर्डात पोचलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. सुजाता सिस्टरने सगळ्यांच्या देखत माझी अशी हजेरी घेतली की मी पोरांची कधी घेतली नसेल. माझा नंबर दुसऱ्याला गेला होता. रिकामी होती ती मामांची चार नंबरची मशीन. मी मुकाट्याने तिच्यावर जाऊन पडलो. निदान आता मी मशिनीवर होतो, हे तरी खरं झालं.

बुधवारी गावच्या लोकांनी मामांना ट्रॅक्टरवर घालून, लांबचा वळसा घेऊन उत्तरेकडच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे एकदा मशीन लागली. उशीर झाला होता. छातीत पाणी भरलं होतं. शुक्रवारी ते गेले आणि शनिवारी रस्ता सुरू झाला. दोन वर्षं घोट घोट मोजून पाणी पिणाऱ्या माणसाला शेवटी पाण्यानेच अडवलं आणि पाण्यानेच नेलं. मला देवाबद्दल फारसं मत नाही, पण ही रचना त्याची असेल तर ती अत्यंत हलक्या दर्जाची आहे.

मंगळवारी सुजाता सिस्टरने बातमी सांगितली आणि कपाटातून मामांची रंगपेटी काढून माझ्या टेबलावर ठेवली. "सर, ही कुठं ठेवू?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता निघून गेली. आक्का पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. पदर खाली घेऊन त्या म्हणाल्या, "सर, म्हैस पुलावर हाय."

"माझा उजवा हात बांधलेला आहे, आक्का."

"डावा हाय की."

डाव्या हाताने मी आयुष्यात खोडरबरही धरला नव्हता. पेटीतली काळी वडी तळापर्यंत खरवडून संपली होती. इतक्या म्हशी काढल्यावर दुसरं काय होणार. म्हणून माझी म्हैस तपकिरी झाली. पुढचे पाय लांब झाले. शिंगं कपाळातून काढायला गेलो ती कानांतून आली. डोळे काढता काढता माणसाचे झाले, मला चांगलं ओळखणाऱ्या माणसाचे. तिच्या शेजारी पांढऱ्या पायजम्यातला एक माणूस काढायला घेतला. जादा धरायचं म्हणून पायापासून असं जादा धरत गेलो की खिशातल्या पेन्सिलीपर्यंत पोचलो आणि पुठ्ठा संपला. डोकं बाहेरच राहिलं. चौतीस वर्षं शिकवलेल्या माणसाने काढलेलं इतकं भिकार चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

आक्कांनी तो पुठ्ठा हातात घेऊन चष्मा वर-खाली केला. "रंकाळा कुठं हाय, सर?"

"पिला तिनं."

"समदा?"

"समदा."

आक्का हसल्या आणि हसता हसता रडल्या. माझंही तेच झालं, ते इथे लपवत नाही. मग त्यांनी डोळे पुसले, पुठ्ठ्याकडे परत एकदा व्यापाऱ्याच्या नजरेने बघितलं आणि म्हणाल्या, "मग आता ती कोडोलीला परत कशी जायाची? तिचं घर हाय तिथं."

"गुरुवारी बघू," मी म्हटलं.

म्हैस परतीच्या वाटेवर आहे. सध्या ती शिरोलीत आहे. जुना गेटपास चालत नाही म्हणून गेटवरच अडून बसलीय आणि वॉचमनशी हुज्जत घालतेय. इतकं पाणी पोटात घेऊन तिला भराभर चालवत नाही, आणि माझा डावाही अजून सुधारलेला नाही. पुढे टोप आहे, वाठार आहे, पारगाव आहे. मला घाई नाही.